दुसरा अंक सैल होता, एवढंच लिहिलं होतं

मला आलेलं पत्र थोडक्यात असं आहे:

"मी ठाण्याला नौपाड्यात राहते. बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. नाटकाचं वेड शाळेपासूनचं. आमचा दोनशे नाट्यप्रेमींचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे आणि पाहिलेल्या प्रत्येक नाटकावर मी त्यात पंधरा-वीस ओळी लिहिते. गेल्या महिन्यात गडकरी रंगायतनला एका नव्या नाटकाचा तिसरा प्रयोग बाल्कनीतून पाहिला. पहिला अंक आवडला, दुसरा सैल वाटला, तसं लिहिलं. ग्रुपवर गदारोळ झाला. 'मराठी नाटक कसंबसं उभं आहे आणि तुम्ही त्याचे पाय ओढता', 'आधी स्वतः एक नाटक करून दाखवा' असं लोक म्हणाले. कोणीतरी माझ्या टिपणाचा फोटो पुढे पाठवला. पुढच्या रविवारच्या प्रयोगाला तिकीटविक्रीचा प्लॅन अर्धा रिकामा राहिला, त्याचं खापरही माझ्यावर फुटलं. या नाटकात आमच्याच मजल्यावरच्या वहिनींच्या मुलाचं छोटं काम आहे आणि त्यानं थोडे पैसेही घातले आहेत. वीस वर्षांचा शेजार, पण वहिनी आता जिन्यात दिसल्या की मान वळवतात. माझं चुकलं का? टिपण काढून टाकून माफी मागू का? आणि मराठी नाटक जगावं म्हणून आपण चांगलंच लिहायला हवं का? टिपण सोबत जोडलं आहे."

ताई,

आधी टिपणाबद्दल बोलते. सगळं भांडण त्याच्याभोवती चाललंय, पण भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी ते शेवटपर्यंत वाचलं असेल, कोण जाणे.

एकवीस ओळी आहेत. त्यातल्या वीस मला फार आवडल्या. वडील घर विकायचा विषय काढतात तेव्हा मुलगी चहाचा कप उचलते आणि न पिता परत ठेवते, तिथेच पुढचं सगळं कळतं, असं तुम्ही लिहिलंय. मी ते नाटक पाहिलेलं नाही, तरी तो कप मला दिसला. दुसऱ्या अंकात तेच भांडण तीनदा होतं आणि तिन्ही वेळा दाराची घंटा वाजून सुटतं, हेही तुम्ही मोजून लिहिलंय. पार्श्वसंगीत प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढत जातं, हे वाक्य तर त्या संगीतकारानं स्वतःजवळ लिहून ठेवावं. "कंटाळा आला" असं कोणीही म्हणतं. कंटाळा नेमका कुठे आला आणि कशामुळे आला, हे ज्याला सांगता येतं तो नाटकवाल्यांच्या उपयोगाचा माणूस असतो. तुमच्या त्या तीन घंटांवर दिग्दर्शक उद्याच्या तालमीत काम करू शकतो.

एकविसावी ओळ मात्र वाईट आहे. "नायिकेचं काम करणाऱ्या बाईंनी आता आरशात बघून आईच्या भूमिका घ्याव्यात." पत्रात तुम्ही या ओळीचा उल्लेखच केलेला नाही. 'दुसरा सैल वाटला, तसं लिहिलं' एवढंच म्हणालात. मला वाटतं, आतून तुम्हालाही ती टोचते आहे.

ही ओळ नाटकाबद्दल नाही, त्या बाईंच्या चेहऱ्याबद्दल आहे, म्हणून ती चुकीची. रंगमंचावर वय हा एक करार असतो. बालगंधर्व पन्नाशी ओलांडल्यावरही स्त्री-भूमिका करत होते आणि लोक त्या बघायला येत होते. पंचवीस वर्षांची मुलगी पन्नाशीच्या नटीनं करायला माझी काहीच हरकत नाही, तिनं ती मला पटवली की झालं. पटली नसेल तर कुठे पटली नाही ते लिहा: चालण्यात, आवाजात, भावाशी भांडतानाच्या उतावीळपणात. बाराव्या ओळीत तुम्ही ते लिहिलेलंही आहे, की ती मुलगी भांडताना फार समजूतदार वाटते. तेवढं पुरेसं होतं. आरशाची भर घातलीत आणि तिथे समीक्षा संपून टोमणा सुरू झाला. आणि टोमणा हा मूळ लेखापेक्षा नेहमी लांब जातो. वहिनींच्या कानावर तुमच्या एकवीस ओळींतली कुठली पोचली असेल असं वाटतं? कपाची नक्कीच नाही.

म्हणून पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकत्रच देते. टिपण काढू नका. ती एक ओळ काढा, आणि गुपचूप काढू नका. त्याच ग्रुपवर लिहा: "नायिकेबद्दलचं माझं शेवटचं वाक्य चुकीचं होतं, ते मागे घेते, त्याबद्दल माफ करा. बाकीचं मत कायम आहे." एवढंच, यापुढे खुलासा नको. माफी वीस ओळींची मागितलीत तर ती खोटी होईल आणि एकविसावीची खरी माफीही त्यात वाहून जाईल.

आता रिकाम्या प्लॅनबद्दल. हा आरोप डोक्यातून काढून टाका. दोनशे जणांचा ग्रुप, त्यात नाटकाला नियमित जाणारे फार तर पन्नास-साठ, आणि त्यातले बरेचसे आधीच पाहून आलेले. एवढ्यानं गडकरीचा प्लॅन अर्धा रिकामा होत नाही. दुसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय की तो रविवार गणपतीच्या आधीचा होता आणि जांभळी नाक्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. त्या रविवारी ठाणेकर मखर, माळा आणि मोदकांचे साचे घ्यायला बाहेर पडलेला असतो. त्यात नाटक नवं, नावं फारशी मोठी नाहीत, जाहिरात बेताची. निर्मात्याला हे सगळं तुमच्याआमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. नाट्यगृहाचं भाडं, नटांच्या आणि रंगमंच कामगारांच्या 'नाइटी', म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, सेटचा टेम्पो, जाहिरात, हे सगळं एका प्रयोगाच्या गल्ल्यातून भागवायचं, म्हणजे रिकामी रांग दिसली की पोटात गोळा येणारच. त्या गोळ्याला कोणाचं तरी नाव हवं होतं. तुमचं सापडलं. मला त्यांचा राग येत नाही, पण हिशेब चुकीचा आहे.

"आधी स्वतः करून दाखवा" हे तर मी गेली तीस वर्षं ऐकते आहे. तरुणपणी मी एका हौशी संस्थेत विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करत होते. एका नाटकाचे चार प्रयोग झाले आणि पाचव्याच्या आधी संस्थेच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. लिहिणारे गृहस्थ कोण, कुठले, कळलं नाही, सही वाचता येत नव्हती. मजकूर दोनच वाक्यांचा: तिसऱ्या प्रवेशात कंदील विझतो, त्यानंतरही बाई पत्र वाचत राहतात, त्यांना अंधारात दिसतं कसं? आम्ही चौदा-पंधरा माणसं होतो, दीड महिना तालमी केल्या होत्या, आणि एकाच्याही ध्यानात हे आलं नव्हतं. दिग्दर्शकानं कार्ड सगळ्यांसमोर वाचलं. पाचव्या प्रयोगापासून त्या बाई विझलेल्या कंदिलासमोर पत्र हातात धरून ते पाठ म्हणू लागल्या, जणू शंभरदा वाचून झालंय. नाटकातली ती सगळ्यात चांगली जागा झाली. आम्हाला ती एका अशा माणसानं दिली ज्यानं बहुधा आयुष्यात कधी तोंडाला रंग लावला नसेल.

प्रेक्षकाचं खुर्चीत बसणं हेसुद्धा नाटकातलंच काम आहे. रिकाम्या सभागृहात होते ती रंगीत तालीम. प्रयोग म्हणायचा तर समोर माणूस लागतो, आणि त्या माणसाचं डोकं चालू असावं लागतं.

तिसरा प्रश्न मोठा आहे. तो फक्त तुमच्या ग्रुपचा नाही, सध्या सगळीकडे तोच वाद आहे. वर्तमानपत्रांत नाटकाच्या परीक्षणाची जागा आकसत गेली. एके काळी माधव मनोहरांसारखा समीक्षक एखाद्या गाजणाऱ्या नाटकामागचं मूळ परदेशी नाटक कोणतं ते नाव घेऊन सांगून मोकळा व्हायचा. कमलाकर नाडकर्णींचं परीक्षण काय येतंय याची नाटकवाले वाट बघायचे, धास्तीही बाळगायचे. त्या जागी आता काय आलंय? प्रयोग सुटला की दारात मोबाइल धरून कोणीतरी उभं असतं, बाहेर येणाऱ्याला विचारतं "कसं वाटलं?", आणि तो म्हणतो "अप्रतिम, सहकुटुंब बघावं असं". दुसऱ्या दिवशी ते सगळीकडे फिरतं. निर्मात्यानं जाहिरात जरूर करावी, तो त्याचा धंदा आहे. पण प्रत्येक नाटक अप्रतिम ठरलं की खरंच अप्रतिम असलेल्याला वेगळं कसं ओळखायचं?

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या संकुलात राहणारं तिशीचं जोडपं डोळ्यासमोर आणा. मुलं लहान, दोघंही नोकरी करणारी, महिन्यातला एक रविवार मोकळा. चार तिकिटं, येण्याजाण्याची रिक्षा, मध्यंतरातले वडे असं धरलं तर दोन-अडीच हजार सहज जातात. "मराठी आहे म्हणून" कोणीतरी त्यांना एका सुमार नाटकाला पाठवलं. ती माणसं पुन्हा सहा महिने नाट्यगृहाकडे फिरकणार नाहीत, आणि त्या सहा महिन्यांत आलेली दोन चांगली नाटकं त्यांच्याशिवाय जातील. खोट्या कौतुकाची किंमत अशी दुसऱ्याच नाटकाला मोजावी लागते. मराठी नाटकाचं नुकसान तुमच्या टिपणानं होत नाही, यानं होतं. हे मी अगदी ठामपणे म्हणते.

रंगभूमीवर प्रेम दाखवायला याहून साध्या जागा आहेत. २०१९ मध्ये नाशिकला सुमीत राघवन यांना प्रेक्षकांतल्या मोबाइलमुळे प्रयोग थांबवावा लागला होता. २०२३ मध्ये रत्नागिरीत भरत जाधव यांनी नाट्यगृहातल्या उकाड्याबद्दल भर प्रयोगात प्रेक्षकांसमोर हात जोडले आणि पुन्हा तिथे प्रयोग करणार नाही असं सांगितलं. तुमच्या ग्रुपला मराठी नाटक जगवायचंच असेल तर तिसऱ्या घंटेच्या आधी फोन बंद करा, मानार्थ पास मागू नका, नाट्यगृहात काही बिघडलेलं दिसलं तर महापालिकेला लिहा. दुसरा अंक सैल आहे असं म्हणणाऱ्या बाईला गप्प करून यातलं काहीच होत नाही.

एका बाबतीत मात्र मी ग्रुपच्या थोडी जवळ आहे. प्रत्येक नाटकाला एकच फूटपट्टी लावू नये. हिरानंदानी मेडोजमधल्या काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात छोटं सभागृहही आहे. तिथे चार कॉलेजची मुलं दोन खुर्च्या आणि एक पडदा घेऊन काही करू बघत असतील तर त्यांना विचारायचे प्रश्न वेगळे. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नावाजलेल्या नटांचं, मोठ्या सेटचं नाटक लागलं तर त्याला विचारायचे वेगळे. पहिल्यांना गुण वाढवून देऊ नका, तो त्यांचा अपमान आहे. त्यांना नक्की काय करून बघायचं होतं ते आधी समजून घ्या आणि मग तिथपर्यंत पोचले का ते सांगा. दुसऱ्यांनी पाचशेचं तिकीट लावून सगळं आयतं सांधलेलं देण्याचं वचन दिलेलं असतं, त्यांच्याकडे ते वचन मागा. तुम्ही पाहिलेलं नाटक या दोन्हींच्या मधलं दिसतं. व्यावसायिक म्हणून उभं केलेलं, पण माणसं नवी आणि पैसे घरचे. तिसऱ्या प्रयोगाला ते अजून स्वतःलाच चाचपत असणार. नवं नाटक पहिल्या पंधरा-वीस प्रयोगांत खूप बदलतं. लोक कुठे हसतात, कुठे खोकतात, कुठे खुर्च्या करकरतात, त्यावरून नट जागा हलवतात, दिग्दर्शक वाक्यं कापतो. म्हणून यापुढे टिपणाच्या डोक्यावर कितवा प्रयोग, कुठे, आणि तुम्ही कुठे बसला होतात हे नेहमी लिहा. या वेळी संवाद ऐकू येत नव्हते अशी तुमची तक्रार आहे. ती बाल्कनीतली आहे, हे तुम्ही मला पत्रात सांगितलंत, ग्रुपला टिपणात सांगितलं नाहीत. वाचणाऱ्याला ते कळायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट मनात आहे, ती तुमच्या प्रश्नाच्या थोडी बाहेरची आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ग्रुपमध्ये कोणीतरी "अशा पोस्टवर बंदीच घाला" असं लिहिलं, हे वाचून मला वाईट वाटलं. तलावपाळीवरचं ते नाट्यगृह ज्यांच्या नावाचं आहे त्या राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातून उखडून मुठा नदीत टाकला गेला. 'राजसंन्यास'मध्ये त्यांनी संभाजी महाराजांचं केलेलं चित्रण हे त्याचं कारण सांगितलं गेलं. त्या चित्रणावर आक्षेप घ्यायला, सडकून लिहायला कोणाचीच ना नव्हती. गडकरी १९१९ मध्ये गेले, ते नाटक तर त्यांच्या हातून पुरंही झालं नव्हतं. त्यावर शंभर लेख लिहिता आले असते. पुतळा नदीत टाकून त्यातला एकही लिहिला गेला नाही. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'वर बंदी आली तेव्हा त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. आजही महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. इतकं सोसलेल्या रंगभूमीच्या प्रेमापोटीच कोणी एका प्रेक्षक बाईवर बंदी मागावी, हे मला पचत नाही. आवडलं नाही हे सांगणं आणि बंद करा म्हणणं यांतला फरक नाटकवाल्या माणसांना तरी समजायला हवा. तुम्ही नाटक बंद करा असं कुठेही म्हटलेलं नाही. पहिला अंक बघायला जा, असंच तुमच्या टिपणातून निघतं.

आता वहिनी. खरं तर तुमचं पत्र मला त्यांच्यासाठीच आलंय असं वाटलं, बाकीचे प्रश्न तुम्ही स्वतः सोडवू शकला असता.

वीस वर्षांत त्यांनी तुमच्या घरी किती वाट्या पाठवल्या असतील आणि तुम्ही त्या रिकाम्या न पाठवता काही घालून परत दिल्या असतील, ते तुम्हा दोघींनाच माहीत. त्या माउलीला मुलाच्या पैशांची धास्ती आहे. नोकरी सांभाळून पोरगा नाटक करतो, त्यात साठवलेलं घालतो, हे तिला आधीच पेलवत नसेल. त्यात शेजारणीनं लिहिलं आणि लोकांनी ते तिलाच आणून दाखवलं. तिच्याशी दुसऱ्या अंकाबद्दल अवाक्षर काढू नका. तो तिचा विषय नाही. ग्रुपवरची ती माफी लिहून झाली की दुसऱ्या दिवशी सरळ दार वाजवा आणि म्हणा, "वहिनी, त्या बाईंबद्दल मी लिहिलं ते चुकलं, ते मी सगळ्यांसमोर कबूल केलंय." त्या काय म्हणतील ते ऐकून घ्या. रागावल्या तर रागावू द्या, मध्ये बोलू नका. तुमच्या टिपणात त्यांच्या मुलाबद्दल एक चांगलं वाक्य आहे, नवव्या ओळीत: घर सोडून जाताना धाकटा भाऊ चपला हातात घेऊन निघतो, तो क्षण लक्षात राहतो. ते त्यांना आत्ता सांगू नका, लालूच दिल्यासारखं होईल. पुढे केव्हातरी त्यांना ते कोणाकडून तरी कळेलच.

मुलाशी मात्र नाटकावर बोला, आणि एकट्याशी. त्याला विचारा, दाराच्या तीन घंटा संहितेतच आहेत की तालमीत आल्या? त्याला राग आला असेलही, पण नाटक करणाऱ्या माणसाला असा नेमका प्रश्न फार दिवस टाळता येत नाही. उत्तर मिळालं तर तुम्हालाही काही नवं कळेल. कदाचित त्या तीन घंटांमागे काही विचार असेल आणि तो पोचला नसेल. मग तो का पोचला नाही, यावर तुम्हा दोघांचं चांगलं तासभर बोलणं होईल.

गणपती झाले की नाटकाचे प्रयोग पुन्हा लागतील. विसावा प्रयोग ठाण्यात आला तर जा, तिकीट काढून, बाल्कनी सोडून खाली मधल्या रांगेत. दोन तिकिटं काढा. वहिनींनी मुलाचं काम बहुतेक विंगेतून किंवा पहिल्या रांगेतल्या पासावर, जीव मुठीत धरून पाहिलं असेल. त्यांना विचारा, येता का बरोबर.